फायकस बोन्साय सतत पानं टाकतोय? पाण्याआधी माती बघा

नर्सरीतून आणलेला फायकस पहिले काही आठवडे छान दिसतो. मग आतल्या बाजूची पानं पिवळी पडायला लागतात, कुंडीला हात लागला तरी चार-पाच खाली येतात. झाड तहानलं असेल म्हणून आपण पाणी वाढवतो. पानं आणखी गळतात. मग पाणी तोडतो, कुणीतरी सांगितलं म्हणून चमचाभर खत घालतो, कुंडी हॉलमधून गॅलरीत आणि गॅलरीतून परत हॉलमध्ये फिरते. काही दिवसांनी फांद्यांच्या टोकांना पोपटी कोंब दिसतात, आपला जीव भांड्यात पडतो. आणि पावसाळा लागला की पहिले पाढे पंचावन्न.

नव्याने बोन्साय करणाऱ्यांची सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार हीच, आणि तिला जोडून ठरलेला प्रश्न: रोज किती पाणी घालायचं? एक कप, अर्धा कप, दिवसाआड, अशी उत्तरं देणारे पुष्कळ आहेत. ती सगळी उत्तरं कधी ना कधी फसतात. उथळ ट्रेमध्ये पाणी किती वेळ थांबणार हे तुमच्या कपावर ठरत नाही, मातीच्या कणांवर ठरतं. माती तीच राहिली तर पाण्याची कितीही शिस्त पाळा, पानगळ फिरून येते. पुढचं सगळं याच अंगाने लिहिलं आहे, त्यामुळे खतांची यादी शोधत आला असाल तर थोडी निराशा होईल.

आधी झाड ओळखा

बाजारात फायकस बोन्साय म्हणून दोन प्रकार जास्त दिसतात. एक, 'एस' आकारात वळवलेल्या खोडाचा. दुसरा 'जिनसेंग' नावाचा, ज्याची मुळं जाड फुगून मातीच्या वर आलेली असतात. दोन्ही बहुतेक वेळा फायकस मायक्रोकार्पा, म्हणजे आपल्याकडचा नांद्रुक. जिनसेंग या औषधी मुळाशी त्याचा काही संबंध नाही, ते फक्त विकायचं नाव. त्यात बियांपासून वाढवलेल्या रोपाची मुळं फुगवलेली असतात आणि वर लहान पानांच्या जातीचं कलम केलेलं असतं. कलमाच्या खालून फुटवा आला तर त्याची पानं मोठी आणि वेगळी दिसतात. अनेक जण तो रोग समजून घाबरतात. फुटवा काढून टाकला की विषय संपला.

ओळख पटवायचं कारण असं की काही झाडांची पानगळ ही तक्रारच नसते. पिंपळ आणि उंबर थंडी सरता सरता जुनी पानं टाकतात आणि नवी पालवी आणतात. ट्रेमध्ये असले म्हणून त्यांची सवय बदलत नाही. अ‍ॅडेनियम थंडीत पानं टाकून स्वस्थ बसतो आणि त्या काळात त्याला पाणी फारच कमी लागतं. या झाडांना अशा वेळी 'वाचवायला' गेलं तर उलट जास्त पाण्याने ती मरतात. नांद्रुक मात्र सदाहरित. अधूनमधून आतलं एखादं जुनं पान पिवळं होऊन पडणं ठीक, पण ट्रेभोवती रोज सडा पडत असेल तर कारण शोधायलाच हवं.

जपानी मेपलसारखी झाडं कुणी हौसेने आणली असतील तर त्यांचं दुखणं वेगळं. त्यांना खऱ्या हिवाळ्याची विश्रांती लागते आणि ती मुंबई-पुण्यात मिळत नाही. तिथे माती बदलून उपयोग नाही.

पडलेलं पान हातात घ्या

झाडून टाकण्याआधी दोन मिनिटं पानं बघा. पान हिरवं असतानाच पडतंय का? तसं असेल तर जागा अचानक बदलली असण्याची शक्यता मोठी: उजेड एकदम कमी झाला, एसीचा झोत लागला, किंवा गाडीच्या बंद डिकीतून उन्हाळ्यात प्रवास झाला. फायकस बेंजामिना तर या बाबतीत फारच हळवा, जागा बदलली की महिनाभर रुसतो. यावर औषध एकच: आता चांगल्या उजेडाची एक जागा ठरवा आणि कुंडी तिथून हलवू नका.

पान पिवळं होऊन, मऊ पडून गळत असेल, देठाकडे काळसर झालं असेल, तर मुळं घुसमटली आहेत. पान कडेने तपकिरी, हातात चुरचुरणारं असेल तर मुळांना पाणी मिळत नाहीये. इथे गंमत अशी की पाणी न मिळण्याची कारणं दोन: माती कोरडी असणं, आणि माती ओली असूनही मुळं कुजलेली असणं. म्हणून पानावरून निम्माच अंदाज येतो. उरलेला निम्मा कुंडीत बोट घातल्यावर.

सर्वांत जुनी, आतली पानं पिवळी आणि टोकाची हिरवीगार, तर नत्र कमी पडत असेल किंवा आत उजेड पोचत नसेल. उलट टोकाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह कमी. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी वर्षानुवर्षं घातलेल्या कुंड्यांत हे हमखास दिसतं. मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर साचला असेल तर शंकाच नको.

आणखी एक खूण बहुतेकांना उलटी वाटते. पान गळून पडलं म्हणजे वाईट, असं आपण धरून चालतो. पण पान देठापासून सुटायला फांदी जिवंत असावी लागते. झाड स्वतः तिथे पेशींचा थर तयार करून पान सोडून देतं. जी फांदी अचानक मेली तिची पानं वाळून तशीच लटकून राहतात. तेव्हा सगळी पानं खाली पडलेला उघडा नांद्रुक हा वाळक्या पानांनी भरलेल्या नांद्रुकापेक्षा बऱ्याच चांगल्या स्थितीत असतो. खात्री करायची तर फांदी नखाने अगदी हलकेच खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर जीव आहे. टोकाला तपकिरी लागलं तर खोडाकडे सरकत जा. हिरवं जिथे सुरू होईल तिथपर्यंत झाड शाबूत.

उथळ ट्रेचं गणित

आता मूळ मुद्दा. भांडी घासायचा जाड स्पंज पाण्यात पूर्ण बुडवा आणि आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा धरा. पुन्हा धार लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. पाणी बारीक छिद्रांत चिकटून राहतं आणि तळाचा काही उंचीचा भाग कायम गच्च भरलेला ठेवतं. ही उंची कुंडीच्या खोलीवर अवलंबून नसते, कणांच्या आकारावर असते: कण जितके बारीक, तितका गच्च थर उंच.

समजा एखाद्या मातीत हा गच्च थर ४ सेंटिमीटरचा आहे. ३० सेंटिमीटर खोल कुंडीत त्याने काही बिघडत नाही, वर मुळांना श्वास घ्यायला भरपूर जागा उरते. तीच माती ५ सेंटिमीटर खोल ट्रेमध्ये भरली की वरचा एक सेंटिमीटर सोडून सगळी मुळं पाण्यात. तळाला भोक असूनही. म्हणूनच नर्सरीत पिशवीत मजेत वाढलेलं झाड ट्रेमध्ये आलं की आजारी पडतं. पुण्याहून सोलापूर रस्त्याने उरळी कांचनकडे नर्सऱ्यांची रांगच आहे; तिथे लाल माती आणि शेणखतात, खोल पिशवीत, दिवसभराच्या उजेडात हीच झाडं जोमात असतात. माती वाईट नाही, ती उथळ ट्रेसाठी नाही, एवढंच. काळी माती तर ट्रेमध्ये कधीच नको: ओली झाली की फुगून हवा कोंडते, वाळली की भेगा पडून मुळं तोडते.

मुळांना पाण्याइतकाच प्राणवायू लागतो. तो मिळाला नाही की बारीक मुळं मरतात, आणि पाणी खेचण्याचं काम तीच करत असतात. मग माती ओली असूनही पानं मलूल होतात. मलूल पान बघून आपण पाणी घालतो. पानं गळतात. पानं कमी झाली की झाडातून बाहेर पडणारं पाणी कमी होतं, म्हणजे ट्रे आधीपेक्षाही जास्त दिवस ओला राहतो. प्रत्येक फेरीत मुळं आणखी कमी होतात. मध्येच येणारी ती पोपटी पालवी बऱ्याचदा खोडात साठवलेल्या अन्नावर आलेली असते; फायकसचं खोड ते पुष्कळ साठवतं, म्हणून तो दोन-तीन वेळा उभा राहतो. कायम राहील असं नाही.

तुमच्या ट्रेची स्थिती तपासायला उपकरण नको. भरपूर पाणी घाला, खालून निथळणं पूर्ण थांबू द्या, मग ट्रे एका बाजूला चांगला ४५ अंशात तिरपा करा. पुन्हा बरंच पाणी वाहिलं तर तेवढं पाणी तळाशी अडून बसलं होतं. दुसरं, बांबूची कबाबाची काडी मातीत तळापर्यंत खोचून दहा मिनिटांनी काढा. वरची माती कोरडी आणि काडीचं खालचं टोक काळपट ओलं, असं पाणी घातल्यावर तीन-चार दिवसांनीही दिसत असेल तर निकाल लागला. काडीचा वास घ्या. ओल्या मातीचा वास ठीक. गटारासारखा वास आला तर थांबायला वेळ नाही.

याच्या अगदी उलट प्रकार जिनसेंगमध्ये सापडतो. यातली बरीच झाडं जवळजवळ नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात येतात, आणि वर पांढरे गोटे असतात, कधी कधी तर डिंकाने चिकटवलेले. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी घेत नाही. वरून घातलेलं पाणी कडेने खाली जातं, बशीत साचतं, आपल्याला वाटतं झालं पोटभर, आणि मुळांचा गोळा आत कोरडा ठणठणीत. कुंडी उचलून बघा; हलकी लागली तर हेच. बादलीत पाणी घेऊन कुंडी मातीच्या काठापर्यंत बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. गोटे आणल्या दिवशीच काढून टाकावेत. शोभेचे असतात, माती बघू देत नाहीत.

उजेड

पाणी मातीतून वर खेचणारी ताकद उजेडातून येते, म्हणून उजेडाची गोष्ट मातीला जोडूनच आहे. भर दुपारच्या उन्हात प्रकाश साधारण १ लाख लक्सपर्यंत जातो. खिडकीपासून दोन-तीन मीटर आत, टीव्हीशेजारच्या टेबलावर तो काहीशेवर येतो. आपल्या डोळ्यांना तो फरक कळत नाही, झाडाला कळतो. मोबाइलवरच्या लक्स मोजणाऱ्या अ‍ॅपने ढोबळ अंदाज येतो, करून बघा. एवढ्या कमी उजेडात झाड पाणी जवळजवळ पीतच नाही, आणि मग बरी मातीही ओलीच राहते.

बोन्साय ही घरात ठेवायची वस्तू आहे हा समज कुठून आला देवजाणे. ते बाहेरचं झाड आहे. पाहुणे यायचेत म्हणून एक-दोन दिवस हॉलमध्ये आणा, हरकत नाही. बाकी वेळ गॅलरी, गच्ची किंवा निदान पूर्वेची उघडी खिडकी. सोसायटीच्या गॅलरीला फक्त दोन तास सकाळचं ऊन येतं, असं असेल तरी नांद्रुक जगतो, फक्त हळू वाढतो. हॉलमधून एकदम मे महिन्याच्या उन्हात मात्र नेऊ नका, पानं भाजतील. दोन-तीन आठवड्यांत थोडं थोडं ऊन वाढवा.

माती बदलायची कशी

वेळ कोणती, हा पहिला प्रश्न. निरोगी फायकससाठी आपल्याकडे दोन काळ चांगले: थंडी ओसरल्यावर फेब्रुवारी-मार्च, आणि पाऊस लागल्यावर जून-जुलै. पावसात हवेत दमटपणा असतो आणि मुळं पटापट फुटतात. पण वास येत असेल, खोड तळाशी दाबल्यावर मऊ लागत असेल, तर मुहूर्त बघू नका. डिसेंबरच्या थंडीत काम थोडं जोखमीचं, तरीही कुजक्या मातीत फेब्रुवारीची वाट बघण्यापेक्षा बरं.

मिश्रणाबद्दल. जपानी लोक आकादामा वापरतात. ती कांतो भागातली ज्वालामुखीच्या राखेतून झालेली दाणेदार चिकणमाती. १९२३च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्साय करणारे जवळच्या ओमियाला जाऊन बसले आणि १९२५ मध्ये तिथे त्यांचं गाव उभं राहिलं, तेव्हा त्यांनी जागा निवडताना माती आणि पाणी पाहिलं होतं. आकादामा इथे ऑनलाइन मिळते, पण पहिल्या झाडासाठी तेवढा खर्च करायची काही गरज नाही. आपल्याला हवाय तो दाणेदारपणा, आणि तो विटांच्या चुऱ्यात मिळतो.

पुण्याच्या हवेत मी सांगेन ते प्रमाण असं: विटांचा चुरा दोन भाग, जाड वाळू किंवा बांधकामाची कच एक भाग, पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग. कोकणात आणि मुंबईत खत अर्ध्यावर आणा, पाऊस फार. तिकडे जांभ्याची कडक खडी मिळाली तर विटेऐवजी तीही चालते. विदर्भात किंवा नगर-सोलापूरकडे गच्चीवर ठेवणार असाल तर मिश्रणात थोडं कोकोपीटही घाला, नाहीतर उन्हाळ्यात दिवसातून तीनदा पाणी घालावं लागेल.

प्रमाणापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे चाळणी. इथे आळस केला की बाकी सगळं फुकट. दाणा साधारण २ ते ५ मिलिमीटरचा हवा, मोहरीहून मोठा आणि वाटाण्याहून लहान. त्याच्या खालची सगळी पूड फेकायची; झाडांच्या मोठ्या कुंड्यांत टाका हवी तर. ही पूडच मोठ्या दाण्यांमधल्या फटी बुजवते आणि आपण पुन्हा गच्च थरावर येतो. चाळल्यावर चुरा पाण्याने धुवा, लाल पाणी जाईपर्यंत. आणि वीट पक्की भाजलेली हवी. चुऱ्यातले काही दाणे रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी चिमटीत दाबा. चिखल झाला तर ती वीट नको. कच्च्या विटांचा चुरा एका पावसाळ्यात परत माती होतो. कुंभाराकडची फुटकी मडकी किंवा तुटकी कौलं ठेचून केलेला चुरा उत्तम.

शेणखत कच्चं असेल तर हुमणीच्या अळ्या येतात. पांढऱ्या, जाड, इंग्रजी 'सी'सारख्या वळलेल्या. एक अळी लहान ट्रेमधली मुळं फस्त करायला पुरते. खत हातात भुसभुशीत लागलं आणि शेणाचा वास आला नाही, तरच घ्या.

झाड बाहेर काढल्यावर मुळं बघा. पांढरी किंवा पिवळसर तपकिरी, ओढल्यावर टिकणारी मुळं चांगली. काळी, बुळबुळीत, ओढली की साल हातात येऊन आत दोरा उरतो ती मेलेली. मेलेली सगळी धारदार कात्रीने कापा, कात्री स्पिरिटने पुसून घ्या. जिवंत मुळांना या खेपेला हात लावू नका. निरोगी फायकसची तिसरा हिस्सा मुळं कापली तरी तो सोसतो, आजारी सोसत नाही. जुनी माती पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन काढा. कापल्यावर पांढरा चीक येईल, तो कातडीला आणि डोळ्यांना खाजतो. हातमोजे घाला, चीक थांबेपर्यंत थांबा.

मुळांमध्ये कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ते मुळांवरचे पिठ्या ढेकूण. अशा वेळी मुळं पूर्ण धुवा, जुनी माती घरातल्या दुसऱ्या कुंडीत टाकू नका.

आता एक गोष्ट, जी ऐकायला कुणाला आवडत नाही: आजारी झाड परत त्या सुंदर निळ्या ट्रेमध्ये लावायचं नाही. त्याला बाजारात भाज्या धुवायला मिळते ती प्लॅस्टिकची जाळीची टोपली आणा. चहूबाजूंनी हवा, खोली भरपूर, किंमत किरकोळ. वर्षभर झाड त्यात राहू द्या. मुळांनी टोपली भरली की ट्रेकडे परत जाता येतं. बोन्सायची चित्रं बघून आलेल्या माणसाला टोपलीतलं झाड बघवत नाही हे मला माहीत आहे, पण जगभर मुरलेले लोकही झाड तयार करण्याच्या काळात साधी, खोल भांडी वापरतात. ट्रे शेवटी येतो.

तळाला खडे किंवा खापऱ्यांचा थर द्यायचा का? नाही. ही जुनी सवय उथळ कुंडीत उलटी पडते. गच्च थर खड्यांच्या वर तेवढ्याच उंचीचा तयार होतो, म्हणजे मुळांची जागा आणखी कमी. भोकावर मच्छरजाळीचा तुकडा पुरे.

झाड बसवून मिश्रण भरताना काडीने हळूहळू खोचत जा, मुळांमध्ये पोकळ्या राहायला नकोत. मग झाड सुतळीने किंवा तारेने टोपलीला पक्कं बांधा. हे बांधणं टाळलं जातं आणि मग वाऱ्याने झाड हललं की नुकती फुटलेली केसाएवढी मुळं तुटतात. शेवटी खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी द्या.

पुढचे चार ते सहा आठवडे टोपली थेट उन्हापासून दूर, पण भरपूर उजेडात. पानं फारच कमी उरली असतील तर वर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी सैल घाला, दिवसातून एकदा उघडा. या काळात खत नाही. युरिया नाही, पेंडीचं पाणी नाही, 'टॉनिक' तर अजिबात नाही. मुळंच नसताना घातलेलं खत मातीत क्षार वाढवतं आणि उरलेल्या मुळांतलं पाणी ओढून घेतं. बुरशीनाशकाची डबी घेऊन बसलेले पुष्कळ भेटतात. हवा न खेळणाऱ्या मातीत ते औषध फार तर मरण लांबवतं. तार बांधून फांद्या वळवायची घाई तर करूच नका. ते सगळं पुढच्या वर्षी.

नव्या मातीत पाणी

दाणेदार मिश्रणात नियम एका वाक्याचा: वरचा एक सेंटिमीटर सुकला की खालून वाहेपर्यंत पाणी. थोडं थोडं, रोज कपभर, असं नाही. भरपूर घातलेलं पाणी खाली जाताना जुनी हवा ढकलतं आणि मागून ताजी हवा आत ओढली जाते. एप्रिलमध्ये हे रोज सकाळी आणि कधी संध्याकाळीही लागेल, जानेवारीत तीन दिवसांनी. कॅलेंडर नको, काडी बघा. बशी ठेवायची असेल तर साचलेलं पाणी लगेच ओता.

गावाला जायचं असेल तर चार दिवसांसाठी कुंडी सावलीत, मोठ्या कुंडीतल्या ओल्या मातीवर बसवून जा. शेजारच्या काकूंना सांगून गेलात तर 'एवढंसं झाड, जास्त पाणी नको' म्हणून त्या दोन चमचे घालतील. तेव्हा किती घालायचं ते त्यांच्यासमोर एकदा घालून दाखवा.

पावसाळ्यात दाणेदार मिश्रणातलं झाड उघड्यावर राहू शकतं. माती अजून बदलली नसेल तर सलग झडीच्या दिवसांत ट्रेच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा घालून तो तिरपा ठेवा. स्पंजचं तेच तत्त्व, उंची वाढली की पाणी निघून जातं. उन्हाळ्यात धोका वेगळा: सिमेंटच्या कठड्यावर ठेवलेला ट्रे दुपारी एवढा तापतो की कडेची मुळं शिजतात. ट्रे लाकडी फळीवर ठेवा, बाजूने ओलं गोणपाट गुंडाळा, आणि विदर्भ-मराठवाड्यात ५० टक्क्यांची शेडनेट लावा.

तरीही पानं जातायत?

मग किडी बघा. पानं दुमडून पुरचुंडी झाली असतील तर उघडा, आत बारीक काळे फुलकिडे दिसतील; फायकसचं हे नेहमीचं. ती पानं तोडून बंद पिशवीत टाका. बेचक्यांत पांढरा कापूस असेल तर पिठ्या ढेकूण, फांदीवर न हलणारे तपकिरी ठिपके असतील तर खवले कीड. पानं आणि खालची फरशी चिकट होते ती यांच्यामुळेच. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसा. पानांच्या खालच्या बाजूला बारीक जाळी आणि वर धुळीसारखे फिके ठिपके म्हणजे लाल कोळी, जो कोरड्या उन्हाळ्यात वाढतो. पाण्याची जोरदार फवारणी खालून करा. या सगळ्यांवर कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिलिलिटर, सोबत भांडी धुवायच्या द्रवाचे दोन-चार थेंब, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने. भर उन्हात तेल फवारलं तर पानं जळतात.

जड पाण्याची खूण दिसत असेल तर पावसाचं पाणी साठवून वापरा, आणि महिन्यातून एकदा कुंडीच्या दुप्पट-तिप्पट पाणी ओतून क्षार धुवून काढा. कोवळ्या पानांच्या शिरांमधला पिवळेपणा राहिलाच तर चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येणाऱ्या रूपातलं), पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मं.

आणि घरात कुणी वड-पिंपळ घरी नको, बोन्सायने वास्तुदोष लागतो असं म्हणत असेल तर वाद घालत बसू नका. झाड गॅलरीत न्या. त्याला तसंही तिथेच बरं वाटतं.

नवी पालवी आली, पानं पूर्ण उघडून गडद झाली आणि काडी तिसऱ्या दिवशी कोरडी यायला लागली, म्हणजे मुळं पाणी प्यायला लागली. इथून पातळ खत सुरू करा: विद्राव्य १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) लिटरला एक ग्रॅम, पंधरवड्याने, पालवी वाढत असेल तेव्हाच. थंडीत बंद. मिश्रण तीन वर्षांत बारीक होत जातं, तेव्हा दर दोन वर्षांनी फेब्रुवारीत एकदा झाड काढून मुळं बघायची, आणि तिरपं करून पाणी गळण्याची परीक्षा दर पावसाळ्याच्या तोंडावर एकदा घ्यायची.